फुटलेला चष्मा, फेकलेला डबा: एका विद्यार्थी न्यायसभेपुढचं प्रकरण

ठिकाण नवी मुंबईतलं. अनुदानित मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावी, दोन सत्रांत भरणारी. मुलांची आणि पालकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यातल्या मराठी शाळेत दोन प्रकारची घरं एकाच बाकावर बसतात. एकीकडे मूळ गावांतली आगरी-कोळी कुटुंबं. १९७० मध्ये सिडको हे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि त्यानंतर नव्या शहरासाठी त्यांच्या जमिनी गेल्या. दुसरीकडे सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबं. घाऊक बाजार मुंबईतून तुर्भे-वाशीला हलला, तशी त्याच्या मागोमाग ती इथे आली. वर्गात गणित सोडवताना हा फरक कुणाला आठवतही नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले की आठवतो.

शाळेतली शिस्तीची जुनी वाट ठरलेली होती. वर्गशिक्षिका मुलाला पर्यवेक्षकांकडे पाठवणार, पर्यवेक्षक वहीत नोंद करणार आणि सांगणार, "उद्या पालकांना घेऊन ये." हजेरीवर काम करणाऱ्या पालकाचा त्यात एक खाडा होतो. तो चिडलेलाच येतो, ऑफिसबाहेर अर्धा तास थांबतो, मुलाला सगळ्यांदेखत एक ठेवून देतो आणि कामावर निघून जातो. ज्याचं नुकसान झालं त्या मुलाला या सगळ्यात कुणी काही विचारत नाही. मुख्याध्यापिकांनी विद्यार्थी न्यायसभा सुरू केली ती मुख्यतः या एका उणिवेमुळे.

मुलांनी मुलांचा न्याय करण्याची कल्पना जुनी आहे. पोलंडमधले डॉक्टर आणि लेखक यानुश कोरचाक यांनी वॉर्सातल्या आपल्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय चालवलं. ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. नियमावलीतली पहिली ९९ कलमं माफीची किंवा प्रकरण सोडून देण्याची होती. खुद्द कोरचाकही त्या न्यायालयापुढे उभे राहिले. अमेरिकेत टेक्सासमधल्या ओडेसा शहरात १९८३ मध्ये सुरू झालेल्या किशोर न्यायालयानंतर ही पद्धत पसरली आणि अशा उपक्रमांची संख्या पुढे हजारावर गेली. तिथल्या बहुतेक ठिकाणी मुलानं आपली चूक आधीच मान्य केलेली असते. त्यामुळे दोषी की निर्दोष हा वाद सुनावणीत नसतो. झालेलं कसं भरून काढायचं एवढंच पंच ठरवतात. काही ठिकाणी विद्यार्थी वकील असतात. काही ठिकाणी पंच मुलं थेट प्रश्न विचारतात. या शाळेने बिनवकिली पद्धत घेतली आणि ते योग्यच झालं. वकील नेमले की मुलं जिंकायच्या मागे लागतात, आणि मालिकांमधलं "ऑब्जेक्शन" ऐकू यायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

नाव ठरवताना मुलांनी "बाल न्याय मंडळ" सुचवलं होतं. ते नाव २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालच्या वैधानिक मंडळाचं आहे. शाळेतल्या मंडळाला तेच नाव दिलं तर पालक घाबरतील आणि कायद्याच्या दृष्टीनेही गोंधळ होईल, म्हणून "विद्यार्थी न्यायसभा" हे नाव पक्कं झालं.

न्यायसभेची घडण

आठवी ते दहावीच्या २१ मुलांचं प्रशिक्षण झालं होतं, प्रत्येकी सहा तासिका. त्यातल्या दोन तासिका फक्त प्रश्न विचारण्यावर. "का केलंस?" हा प्रश्न तिथे वर्ज्य आहे, कारण मुलाच्या कानाला तो ओरडल्यासारखाच लागतो आणि तो गप्प होतो. त्याऐवजी "त्याच्या आधी काय झालं होतं?" असं विचारायचं.

प्रत्येक प्रकरणाला पाच पंच, एक सूत्रधार आणि एक लेखनिक असतात. दोन्ही बाजूंच्या मुलांना एकेक "सोबती" मिळतो. तो बाजू मांडत नाही. शेजारी बसतो, कागद समजावून सांगतो आणि पुढे ठरलेल्या गोष्टी पूर्ण होतात का ते बघतो. पंच चिठ्ठ्या टाकून निवडतात. त्याच वर्गातली, त्याच क्लासला जाणारी किंवा त्याच चाळीत-गावात राहणारी मुलं चिठ्ठीतून वगळतात. समन्वयक शिक्षिका खोलीत असतात, पण त्यांना मत नसतं. त्यांच्याकडे एकच अधिकार आहे, सुनावणी थांबवण्याचा.

काही प्रकरणं न्यायसभेपुढे कधीच येत नाहीत. लैंगिक स्वरूपाचं काहीही, डॉक्टरकडे न्यावं लागेल अशी मारहाण, नशा, जातिवाचक बोलणं, स्वतःला इजा करणं, घरच्या छळाची शंका. यातल्या प्रत्येकासाठी मोठ्यांची वेगळी वाट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तर लैंगिक गुन्ह्याची माहिती कळवणं बंधनकारकच आहे. तिथे माहिती न कळवता मुलांच्या सभेत "आपसात मिटवू" म्हणणं हा शाळेतल्या मोठ्यांचा गुन्हा ठरेल.

उपायांनाही कुंपण आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. उठाबशा, वर्गाबाहेर उभं करणं, शंभर वेळा लिहून घेणं, परिपाठात सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं, संडास धुणं, यातलं काहीही सुचवता येत नाही. मुलांनी ठरवलं म्हणून ते चालतं असं नाही, जबाबदारी शाळेचीच राहते. हे कुंपण का लागतं ते पहिल्याच सराव सुनावणीत कळतं: पंच मुलं मोठ्यांपेक्षा कडक निघतात. कामाची मर्यादा आठ तास, ते काम संपवायची मुदत ३० दिवस. प्रगतिपुस्तकात किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक अक्षरही जात नाही.

प्रकरण कसं आलं

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, मधल्या सुट्टीत आठवीतल्या एका मुलीने वर्गातल्या मुलाचा चष्मा ओढून जमिनीवर आपटला. एक काच तडकली, दांडी तुटली. वर्गशिक्षिकांच्या पाठवणी अर्जावर एक ओळ होती: "मुलीने मुलाचा चष्मा जाणूनबुजून फोडला. मुलगी कबूल आहे."

मुलाचा नंबर उणे अडीच. चष्म्याशिवाय त्याला फळा दिसत नाही. नवा चष्मा १,६०० रुपयांचा. वडील माथाडी कामगार. जुन्या वाटेनं गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईला बोलावून पैसे भरायला सांगितले असते आणि दहा मिनिटांत प्रकरण संपलं असतं. अर्ज वाचून पर्यवेक्षकांचं मतही तेच होतं. त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं: कबुली आहे, नुकसान मोजता येतं, सभा कशाला?

पूर्वभेट

सुनावणीआधी दोन्ही मुलांना वेगवेगळं भेटायचा नियम आहे. वीस मिनिटं, समन्वयक शिक्षिका आणि एक प्रशिक्षित मूल. मुलीच्या भेटीला दहावीतली एक मुलगी होती.

"हो, मीच फोडला," एवढं बोलून ती थांबली. त्याच्या आधी काय झालं यावर खांदे उडवले. पंधरा मिनिटं अशीच गेली. मग दहावीतल्या मुलीने अर्जात नसलेला प्रश्न विचारला, "मधल्या सुट्टीत तू कुठे बसतेस गं?"

उत्तर आलं, "जिन्यात."

तिथून सगळं उलगडलं. मुलीची आई मासळी विकते. श्रावण आणि गणपती होईपर्यंत घरात मासे नव्हते. विसर्जनानंतर डब्यात पुन्हा सुकट-भाकरी, जवळ्याची चटणी येऊ लागली. वर्गात ५८ मुलं, रस्त्याच्या आवाजामुळे खिडक्या बंद. त्या मुलाने आणि त्याच्या तीन मित्रांनी आधी नाकाला रुमाल लावले. मग "लय वास मारतंय, घरी जाऊन खा" सुरू झालं. मग ती येताना बाक सरकवणं. ती जिन्यात जाऊन खाऊ लागली. सोमवारी जिन्यात सातवीची मुलं क्रिकेट खेळत होती म्हणून ती वर्गात बसली, आणि त्या मुलाने तिचा उघडा डबा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. चष्मा त्यानंतर फुटला.

मुलाच्या पूर्वभेटीतही एक गोष्ट पुढे आली, आणि ती विसरून चालणार नाही. वडील माळकरी, घरात मांस-मच्छी वर्ज्य. सुकटीचा वास त्याला खरोखर सहन होत नव्हता. डबा टाकल्याचं त्यानं मान्य केलं. मित्रांपैकी दोघांनी रुमाल आणि बोलणं मान्य केलं. तिसरा म्हणाला, मी काहीच केलं नाही.

निर्णयाचे टप्पे आणि पर्याय

सगळ्यात आधी, हे प्रकरण मुलांपुढे ठेवता येतं का ते बघायला हवं होतं. जेवणावरून हिणवणं आणि जातीवरून हिणवणं यांत अंतर फार थोडं असतं. समन्वयकांनी पाचही मुलांना वेगवेगळं विचारलं: कुणी कधी जातीचं नाव घेतलं का, "तुम्ही लोक" असं म्हटलं का? पाचही उत्तरं नकारार्थी आली. तरीही त्यांनी मुख्याध्यापिकांशी बोलून लेखी नोंद केली की सुनावणीत असं काही निघालं तर सुनावणी तिथेच थांबेल. ही नोंद पुढे पालकांशी बोलताना कामी आली.

तिसऱ्या मित्राचं काय? न्यायसभा खरं-खोटं ठरवत नाही. साक्षीदार उभे करून मुलांनी मुलाला खोटं पाडायचं म्हणजे पुढे वर्षभराचं वैर. त्याला सुनावणीतून वगळून वर्गशिक्षिकांकडे सोपवलं. मुलीला हे पटलं नाही, आणि तिचं न पटणं रास्त होतं.

प्रकरण एक की दोन, हा मात्र सगळ्यात अवघड टप्पा. चार पर्याय समोर होते. एक, अर्जाप्रमाणे फक्त चष्म्याची सुनावणी घ्यायची आणि बाकीचं "संदर्भ" म्हणून ऐकायचं. दोन, सगळ्यांना एकत्र बसवून एकच सुनावणी घ्यायची, दोन्ही बाजू दोषी आणि दोन्ही दुखावलेल्या. मुलांना हा पर्याय सर्वांत न्याय्य वाटत होता. समन्वयकांनी तो नाकारला. दोघांचं भांडण समोरासमोर बसून मिटतं, पण चौघांनी मिळून दोन महिने एकीला छळलं असेल तर तिला त्यांच्यासमोर बसवणं म्हणजे छळाचा आणखी एक तास. तीन, दोन वेगळ्या सुनावण्या. चार, न्यायसभेतून काढून मुख्याध्यापिकांनीच बघायचं.

तिसरा पर्याय निवडला. क्रम ठरवताना मात्र ज्याचा अर्ज आधी आला त्याची सुनावणी आधी, असा नेहमीचा नियम लावला. चष्मा आधी, डबा नंतर. या क्रमाकडे त्या वेळी कुणी बारकाईनं पाहिलं नाही.

पहिली सुनावणी: चष्मा

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, चित्रकलेच्या खोलीत. बाकं अर्धगोलात. मुलगी, तिचा सोबती, मागे आई. मुलगा हजर नव्हता. झालेलं नुकसान त्याच्या सोबत्याने लेखी वाचून दाखवलं. एकूण वेळ ४० मिनिटं, त्यातली १५ पंचांच्या चर्चेची.

पंचांनी आधी पूर्ण १,६०० रुपये मागितले. समन्वयकांनी मत न देता फक्त एक प्रश्न टाकला, "पैसे कोण भरणार?" खोली शांत झाली. आठवीतल्या मुलीकडे पैसे नसतात. भरपाईचा आकडा लिहिला की शिक्षा आईला होते. शाळेत काम करून पैसे फेडायचे, ही एका पंचाची सूचना तिथेच बाजूला पडली, कारण शाळा मुलाकडून पैशांच्या बदल्यात काम करून घेऊ शकत नाही. शेवटी अर्धे पैसे मुलीच्या घरून दोन महिन्यांत आणि अर्धे विद्यार्थी साहाय्य निधीतून, असं ठरलं. शिवाय, राग अनावर होतोय असं वाटलं तर कुणाकडे जायचं, अशा दोन मोठ्या माणसांची नावं मुलीने स्वतः लिहून द्यायची.

सोमवारी सकाळी आईने ८०० रुपये एकरकमी आणून दिले. "कुणाचं बाकी नको," एवढंच म्हणाली. मंगळवारी मुलाचा नवा चष्मा आला. शाळेला हे यश वाटलं. वर्गात मात्र एवढंच पोहोचलं: तिला शिक्षा झाली, तिच्या आईने पैसे भरले, म्हणजे चूक तिचीच.

बातमी फुटली

दुसऱ्या सुनावणीसाठी नवे पाच पंच चिठ्ठीने निवडले. बुधवारी त्यांची तयारीची बैठक झाली. अर्ज वाचून एक पंच म्हणाला, "त्याला सगळ्यांसमोर सुकट खायला लावू." मुलं हसली. सूत्रधाराने लगेच थांबवलं, असा उपाय यादीतच बसत नाही हेही सांगितलं. बैठक पुढे नीट झाली.

त्याच संध्याकाळी हे वाक्य क्लासमध्ये पोहोचलं आणि रात्रीपर्यंत मुलाच्या घरी, तेही बदललेल्या रूपात: शाळा मुलाला मासे खायला लावणार आहे. गुरुवारी वडील शाळा उघडायच्या आधी दारात होते. मुलाच्या सुनावणीसाठी दिलेलं संमतिपत्र परत मागितलं. माळ घातलेल्या माणसाला याहून मोठा अपमान कोणता? आणि त्यांच्या हिशेबी प्रकरण संपलंच होतं: चष्मा फुटला, पैसे मिळाले.

संमती काढून घेतली की न्यायसभेचा हात तिथेच थांबतो. हे तिचं बळही आहे, कारण सक्तीनं बसवलेल्या मुलाकडून लिहून घेतलेली माफी कुणाच्याच उपयोगाची नसते. पण आता तराजू पूर्ण कलला होता. मुलीच्या वाट्याचं पूर्ण झालं होतं आणि मुलाच्या वाट्याचं सुरूच झालं नव्हतं.

पुन्हा दोन वाटा होत्या. मुलाचं प्रकरण जुन्या वाटेनं, म्हणजे तंबी आणि नोंद. किंवा वडिलांशी बोलून पुन्हा संमती मागायची. मुख्याध्यापिकांनी दुसरी वाट धरली, पण त्याआधी शाळेची चूक मान्य करायचं ठरवलं. ज्या पंचाच्या तोंडून वाक्य निघालं तो शुक्रवारी स्वतःहून समन्वयकांकडे आला. त्याला या प्रकरणातून मोकळं केलं, न्यायसभेतून काढलं नाही. स्वतः येऊन सांगणाऱ्याला काढलं असतं तर पुढच्या वेळी कुणीच आलं नसतं.

वडिलांना शाळेत न बोलावता मुख्याध्यापिका आणि समन्वयक त्यांच्या सोयीच्या वेळी, काम संपल्यावर, घरी गेल्या. तीन गोष्टी सांगितल्या. असं वाक्य बोललं गेलं, ते चूक होतं आणि बाहेर जाणं ही शाळेची चूक. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या उपायांची छापील यादी त्यांच्या हातात दिली. आणि तुमच्या मुलाने एका मुलीचं अन्न कचऱ्यात टाकलं, हे त्याच्याच अक्षरातलं निवेदन वाचून दाखवलं. वडिलांना ही शेवटची गोष्ट ठाऊक नव्हती. अन्न टाकल्याचं ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एक अट घातली: कुठल्याही उपायात खाण्यापिण्याचा विषय नको. अट मान्य झाली आणि संमती परत मिळाली.

दुसरी सुनावणी: डबा

ती मूळ तारखेनंतर दोन आठवड्यांनी झाली. मुलगा, दोन मित्र, तिघांचे पालक मागच्या बाकांवर. मुलीने स्वतः न येता तिचा सोबती तिचं निवेदन वाचेल असं ठरवलं. त्यातली एक ओळ पंचांनी दोनदा वाचून घेतली: "मी आईला सांगितलं की मला फक्त भाजी दे. का ते नाही सांगितलं."

सूत्रधार नववीतली मुलगी होती. तिने फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. डब्याला वास येणं ही तिची चूक आहे का? वास सहन न होणं ही त्याची चूक आहे का? डबा फेकणं? पहिल्या दोन्हींची उत्तरं तिघांनीही "नाही" दिली. मग पंचांपैकी एकाने विचारलं, "वास सहन होत नव्हता, तर तू उठून दुसरीकडे का नाही बसलास?" मुलाला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दुसरीकडे जागाच नाही." सगळी सुनावणी या उत्तराभोवती फिरली, कारण ते सरळसरळ खरं होतं. डबा खायला वर्गाशिवाय जागा नव्हती, खिडक्या बंद होत्या, आणि सहन न होणाऱ्याला व हिणवल्या जाणाऱ्याला, दोघांनाही, शाळेने एकाच खोलीत अडकवून ठेवलं होतं.

ठरलं ते असं. तिघांनी मुलीला वेगवेगळी पत्रं लिहायची. समन्वयक आधी वाचतील आणि पत्र घ्यायचं की नाही ते मुलगी ठरवेल. तळमजल्याच्या व्हरांड्यात तिघांनी तीन आठवडे रोज मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं सतरंज्या अंथरायच्या आणि सुट्टीनंतर घडी करून ठेवायच्या, म्हणजे ज्याला वर्गात बसायचं नाही त्याला जागा मिळेल. हे काम सगळ्यांच्या सोयीचं होतं, कमीपणा आणणारं नव्हतं. एकूण वेळ आठ तासांच्या आत बसतो हे लेखनिकाने तिथेच मोजून दाखवलं. शिवाय डबा फेकणाऱ्या मुलाने पुढच्या वर्षी पंचाचं प्रशिक्षण घ्यायचं. अमेरिकेतल्या किशोर न्यायालयांत हा उपाय सर्रास असतो: जो समोर बसला तो पुढे पंच म्हणून बसतो.

पत्रांपैकी एक समन्वयकांनी दोनदा परत पाठवलं. त्यात "जर तुला वाईट वाटलं असेल तर" असं लिहिलं होतं. "जर" काढल्यावरच ते पुढे गेलं. मुलीने तिन्ही पत्रं घेतली. समोरासमोर भेटायला नाही म्हणाली.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम. डबा आधी, चष्मा नंतर. ज्यातून घटना सुरू झाली तिची सुनावणी आधी घेतली असती तर चष्म्याच्या भरपाईत मुलीचा वाटा कदाचित वेगळा ठरला असता, आणि "तिला शिक्षा झाली" हे एकटंच वाक्य दोन आठवडे वर्गात फिरलं नसतं. शाळेने आता अर्जाच्या तारखेचा नियम काढून टाकला आहे.

तयारीची बैठक. पंचांनी गुप्ततेची शपथ प्रशिक्षणात एकदा घेतली होती, तीही वर्षाच्या सुरुवातीला. आता प्रत्येक प्रकरणाच्या कागदावर वेगळी सही असते आणि सुनावणीआधी उपायांची चर्चाच होत नाही. तयारी फक्त प्रश्नांची. उपाय आधी बोलले गेले की ते बाहेर जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे पंच ऐकायच्या आधीच ठरवून बसतात.

पैसे. भरपाईचा प्रश्न निघेल असं दिसत असेल तर निधीतून किती देता येईल ते मुख्याध्यापिकांनी सुनावणीआधीच लिहून द्यायला हवं. नाहीतर मुलं आईच्या पाकिटातून न्याय करतात.

तिसरा मित्र. नाकारणाऱ्याला वगळणं बरोबर होतं, पण वर्गशिक्षिकांकडे सोपवल्यानंतर त्याचं काय झालं याची नोंद कुणी मागितली नाही. मुलीला ते कधीच कळवलं गेलं नाही.

आणि मोठी माणसं. दोन महिने एक मुलगी जिन्यात जेवत होती. त्या जिन्यावरून शिक्षक रोज वर-खाली करत होते. पाठवणी अर्जात "काय झालं?" हा पहिला रकाना होता आणि त्यात जे लिहिलं तेवढंच प्रकरण झालं. आता पहिला रकाना आहे "हे कधीपासून चालू आहे?", आणि दुसरा "ही मुलं मधल्या सुट्टीत कुठे असतात?" हे दोन रकाने भरायला वर्गशिक्षिकेला उठून बघून यावं लागतं, आणि तेवढ्याचसाठी ते ठेवले आहेत.

प्रकरणाची सद्यस्थिती

सतरंज्यांचं काम तीन आठवड्यांनी तिघांसाठी संपलं, पण व्हरांडा चालू राहिला. आता वर्ग आळीपाळीने अंथरतात. वीस-पंचवीस मुलं रोज खाली बसतात, बहुतेकांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. मुलाने जूनमधल्या प्रशिक्षणासाठी नाव दिलं आहे. मुलीलाही विचारलं होतं. ती नको म्हणाली.

३० दिवसांच्या तपासणीत दोन्ही सोबत्यांनी नोंदवहीत लिहायचं असतं. मुलाच्या पानावर सगळ्या ओळींपुढे "पूर्ण" आहे. मुलीच्या सोबत्याने लिहिलं: "व्हरांड्यात बसते. दोन मैत्रिणी सोबत असतात. डब्यात बटाट्याची भाजी, भेंडी, पुन्हा बटाटा." त्या सत्रात सुकट डब्यात परत आली नाही. शेवटच्या रकान्यात "प्रकरण बंद" असं लिहायचं की नाही यावर समन्वयक आणि सोबती यांचं बोलणं झालं, आणि तो रकाना पुढच्या गणपतीनंतरच्या तपासणीपर्यंत मोकळा ठेवला आहे.